सुभेदारांच्या डिकीतली घरघर

“आधी माफी माग,” शेठ म्हणाले. कराडच्या दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली. समोर पाटणचे रिटायर्ड सुभेदार. बावीस वर्षं मी गाड्यांना म्युझिक सिस्टिम बसवतोय, आणि त्या दिवशी सगळ्यांदेखत मला हात जोडावे लागले.

सुभेदारांच्या डिकीत सबवूफर मीच बसवला होता. गाण्यातला दणका देणारा मोठा स्पीकर म्हणजे सबवूफर. महिनाभर ठणठणीत वाजला, आणि आता गाणं बंद असलं तरी घरघरत होता.

“मधे कुणी हात…” एवढं विचारायला गेलो, तर शेठ खेकसले. “गिऱ्हाइकाला उलटं इचारायचं न्हाई! उद्या दुपारपर्यंत आवाज गेला पायजे. न्हाईतर दुसरं दुकान बघ.”

माझं डोकं सणकलं. या माणसानं आयुष्यात एक वायर सोललेली नाही!

सकाळी गाडी घेतली. इंजिन बंद, तर आवाज बंद. इंजिन चालू करून रेस केलं की घरघर वाढायची. म्हणजे दोष करंटमध्ये. स्टिरिओकडून अ‍ॅम्पला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या डब्याला, येणारी वायर काढली, तरी घरघर चालूच. म्हणजे स्टिरिओ निर्दोष. राहिलं अर्थिंग. अ‍ॅम्पचा करंट गाडीच्या पत्र्यातून परत जातो. त्यासाठी वायर उघड्या पत्र्यावर घट्ट बसावी लागते. मी ती जागा स्वतः घासून बसवली होती.

गालिचा उचलून बोल्ट खोलला. खाली गुळगुळीत हिरवा रंग. मिलिटरीचा.

बोल्ट घेऊन तडक दुकानात गेलो. सुभेदार गाडी न्यायला येऊन बसले होते. शेठ तोंड उघडायच्या आत विचारलं, “सुभेदारसाहेब, हा कुणी खोलला होता?”

“मीच की,” ते सहज म्हणाले. “डिकीत पानी शिरलं, तवा गालिचा काढला. खाली उघडा पत्रा! गंज धरंल म्हनून रंगाचं दोन हात मारलं आन् बोल्ट परत आवळला. पलटणीत आमी उघडं लोखंड कवा ठिवलं न्हाई.”

“मग काल बोलला का नाहीत?”

“कुनी इचारलंच न्हाई रं.”

सुभेदारांना गाडीपाशी नेलं, पॉलिश पेपरनं रंग घासला, वायर आवळली, गाडी चालू केली. घरघर गायब. दहा मिनिटांचं काम.

सुभेदार दुकानात परतले आणि सगळ्यांसमोर ताठ उभे राहिले. “चूक माजी. काल तुमाला हात जोडाय लागलं. आज माफी मी मागतो.” त्यांच्यावरचा राग तिथंच संपला.

शेठ मोबाइलमधून मान वर न काढता मला म्हणाले, “आरं, मग कालच सांगायचं न्हाई व्हय मला?”

मी हातातला पाना टेबलावर आपटला. काच तडकली. शेठनी तिच्यावर हिशोबाची वही सरकवली.

अजून तिथंच आहे मी. घरघर आली की आधी अर्थिंग बघायचं आणि त्याच्याही आधी गिऱ्हाइकाला विचारायचं. शेठ गल्ल्यावर असले, तर मी जरा मोठ्यानंच विचारतो.