तारीख कोण बदलणार

शाहूपुरीतल्या ज्या कंपनीत मला पहिली नोकरी लागली, ती पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होती. एक हॉल, चार टेबलं आणि मालक. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती आणि जिल्ह्यात ज्याला त्याला कॉम्प्युटर हवा होता. कशासाठी, ते नंतर बघू म्हणायचे.

आमच्या मालकांनी एका साखर कारखान्याला सभासदांची माहिती शोधायची यंत्रणा विकली होती. नाव किंवा गट नंबर टाकला की त्या सभासदाचा ऊस किती, लावणीची नोंद कोणत्या तारखेची, तोड म्हणजे ऊस कापायची पाळी कधी येणार, हे पडद्यावर यायचं. माहिती तीन मशीनवर ठेवलेली. एक बंद पडलं तरी बाकीची दोन काम ओढतील. शोधणारा कुठूनही आत आला तरी यंत्रणा त्याला आळीपाळीनं या तिन्हींपैकी एकाकडं पाठवायची.

हंगाम तोंडावर आला आणि कारखान्यातून फोन आला, अध्यक्षांना यंत्रणा आत घेईना. मालक लग्नाला गेलेले. मी उचगावातल्या घरातनं निघाले आणि दोन एसट्या बदलून कारखान्यावर पोचले.

गेटवर निवृत्त फौजी होता. "काय काम हाय?"

"कॉम्प्युटर दुरुस्तीला आलेय."

"सायेब मागनं येणार व्हय?"

"साहेब मीच."

त्यानं माझं ओळखपत्र दोन्ही बाजूंनी वाचलं, फोटो आणि तोंड ताडून पाहिलं, वहीत सही घेतली, पिशवीतला डबासुद्धा उघडायला लावला. मला राग आला होता. पण संध्याकाळी परत निघताना लक्षात आलं, त्या अख्ख्या आवारात माणसाची ओळख धडपणे तपासणारा तो एकटाच होता.

अध्यक्षांच्या केबिनमध्ये सात माणसं चहा पीत होती.

"सकाळी आत घेतंय, दुपारी हाकलतंय," अध्यक्ष म्हणाले. "माझ्याच कारखान्यात मला ओळखत न्हाय म्हंजे काय, ते तेवढं सांगा."

"अलीकडं पासवर्ड बदलला होता का?"

"बदलला की." आणि त्यांनी तो खणखणीत आवाजात सांगितला. सातही जणांनी माना डोलावल्या. त्यांना तो आधीच माहीत होता.

"ह्यात राजकारण हाय," खुर्चीच्या कडेवर बसलेले एक संचालक म्हणाले. उपाध्यक्षांचा गट आणि अध्यक्षांचा गट एकमेकांच्या लग्नाला जेवत नव्हते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

खरं काय ते मला शेतकी विभागात कळलं. तिथं पन्नाशीच्या एक बाई उसाच्या नोंदी करायच्या, आधी रजिस्टरात आणि आता कॉम्प्युटरवर. सीमेकडच्या गावच्या, घरात कानडी, बाहेर मराठी. शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणायचे.

"तिसरं मशीन कुठं आहे?" मी विचारलं. दोनच दिसत होती.

"उपाध्यक्षांच्या केबिनमधी," अक्का म्हणाल्या. "एक मशीन माझ्याकडं पायजेच म्हणाले. ते नसले की केबिनला कुलूप आन् मशीन बंद."

मग सगळं उलगडलं. अध्यक्षांनी पासवर्ड बदलला त्या दिवशी उपाध्यक्ष मुलीकडं गेलेले. दोन मशीनना नवा पासवर्ड कळला, कुलपातल्या तिसऱ्याला नाही. उपाध्यक्ष आले, मशीन सुरू झालं आणि पासवर्डांची जुनीच यादी घेऊन कामाला लागलं. त्यानंतर अध्यक्षांची पाळी त्या मशीनकडं गेली की ते त्यांना बाहेर काढायचं. बंद पडलेल्या मशीननं परत आल्यावर दुसऱ्यांकडून यादी मागून घ्यावी, ही सोय आम्हीच ठेवली नव्हती. चूक आमची होती.

मी हे अध्यक्षांना सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकून घेतलं.

"म्हंजे त्यानं मुद्दाम केलेलं न्हाय?"

"नाही."

त्यांचा जरा हिरमोड झाल्यासारखा वाटला.

यादी मी तिथल्या तिथं नीट केली. मशीन मात्र केबिनमधून हलवणं गरजेचं होतं आणि उपाध्यक्ष म्हणाले, ते हलणार नाही. शेवटी त्यांना अध्यक्षांपेक्षा मोठा मॉनिटर दिला. मशीन कुठं गेलं, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

इथूनच मी परत आले असते तर बरं झालं असतं. पण यादी तपासताना दिसलं की आत येणाऱ्या प्रत्येकाला सगळे हक्क होते. सगळे संचालक, त्यांचे दोन ड्रायव्हर, वारलेले एक माजी संचालक, सगळ्यांना नोंदीची तारीख बदलता येत होती. तारीख मागं सरकली की तोड लवकर येते, ऊस वाळायच्या आत गाळपाला जातो. हे तिथं सगळ्यांना माहीत होतं, मलाच नवीन होतं.

"तक्रार आली की तुमच्या कंपनीचा मागचा माणूस म्हणायचा, द्या सगळे हक्क, कटकट नको," अक्का म्हणाल्या. "मी सोमवारी तारखा नीट करतो, शनिवारपर्यंत परत सरकलेल्या असतात." आमच्याकडं कितीतरी बायकाही 'मी करतो' म्हणतात, कारखान्यात तर ते शोभूनच दिसायचं.

मी संचालकांच्या पुढच्या बैठकीत दोन पायऱ्या मांडल्या. काहींना फक्त बघायचा हक्क, काहींना बदलायचा.

"नुसतं बघायचं?" एक संचालक म्हणाले. "मग टीव्ही काय वाईट हाय?"

प्रत्येकाला बदलायचा हक्क हवा होता. एकांना मेव्हण्यासाठीही हवा होता. कोणी काय बदललं त्याची आपोआप नोंद राहील, असंही मी सुचवलं. त्यावर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष एका सुरात म्हणाले, "आमचा एकमेकांवर इस्वास हाय." त्या वर्षात त्या दोघांचं एकमत झाल्याचं मी तेवढंच ऐकलं. बदलांची नोंद ठेवायचं बारगळलं.

चहाच्या सुट्टीत मी कागदावर नावं बदलली. बघणाऱ्या पायरीला 'विशेष मान्यवर' लिहिलं, बदलणाऱ्या पायरीला 'लिपिक'. पुन्हा वाचून दाखवलं. लिपिक व्हायला एकही संचालक तयार झाला नाही. मेव्हणेसुद्धा मान्यवर झाले. लिपिकाच्या रकान्यात एकच नाव उरलं, अक्कांचं.

त्या हंगामात ऊस नोंदीच्या क्रमानं आला. डिसेंबरात टीव्हीवाल्या संचालकांचा फोन आला.

"माझ्या विशेष हक्कात तारीख हलंना झालीय."

"हलत नाही साहेब. ते काम लिपिकाचं."

"मग तिला सांगा की."

"तुमच्याच कर्मचारी आहेत. तुम्हीच सांगा."

त्यांनी सांगितलं असणार. अक्कांनी लेखी मागितलं असणार. लेखी कोणी देत नाही.

पुढच्या वर्षी आमचं कंत्राट गेलं. मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही.

दीडेक वर्षानं नृसिंहवाडीला दर्शनाच्या रांगेत अक्का भेटल्या. नवरा आणि सून बरोबर होती. दर्शन झाल्यावर आम्ही घाटाच्या पायरीवर बसलो.

"मला बढती दिली," त्या म्हणाल्या. "अधीक्षक केलंय. केबिन हाय, घंटी हाय. आणि मी आता विशेष मान्यवर. लिपिक दुसरा आणलाय."

ती पायरी मीच केली होती. मी तसं म्हणालेसुद्धा.

"अगं, बघायचा हक्क हाय की मला," अक्का म्हणाल्या. "नोंद झाली त्या दिवशीच मी ती बघतो. बघतो आणि छापतो. सभासदाच्या हातात त्या दिवसापर्यंतच्या सगळ्या नोंदींचा कागद, खाली कारखान्याचा शिक्का. छापायला कोण नको म्हणणार? मान्यवरांना छापायची मुभा हाय."

"मग तारखा सरकत नाहीत?"

"सरकतात. पण आता माणूस कागद घेऊन येतो आणि ज्याच्या त्याच्या केबिनपुढं उभा राहतो. परवा अकराजण आलते. अध्यक्ष मागच्या दारानं गेले."

त्या हसल्या नाहीत. सुनेनं पेढ्याचा पुडा सोडला. नवऱ्यानं एसटीची वेळ झाल्याचं सांगितलं, तशा त्या उठल्या आणि पदर खोचून पायऱ्या चढू लागल्या.