मातीसरांनी शोधलेलं दार

रस्त्याकडेला पाइपासाठी चर खणलेला दिसला, की आमचे सर मोटारसायकल उभी करून सरळ आत उतरत. इस्त्रीची पँट, नवी चप्पल, कशाचं काही नाही. आशागडला एकदा मजुरांनी त्यांना कुणी साहेब समजून चहा दिला. तो पीत पीत सर चराच्या भिंतीवर बोट टेकवून मला सांगत होते, "हा बघ, इथे थर बदलला. का बदलला ते विचारायचं. विचारल्याशिवाय माती बोलत नाही." कॉलेजात सगळे त्यांना मातीसर म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

मी तलासरीकडच्या झरीची. आईबाबा दोघंही मजुरीला जायचे. इतिहास मी घेतला तो दुसरीकडे जागा उरली नव्हती म्हणून. पण सर शिकवायला लागले की घड्याळ बघावंसं वाटायचं नाही. उन्हाळ्यात बल्गेरियातल्या एका उत्खननावर दोन विद्यार्थी न्यायचं ठरलं, तेव्हा चिखल्याच्या हेमंतबरोबर त्यांनी माझं नाव घातलं. बाबा नको म्हणाले. मग सर स्वतः घरी आले.

"सर, नागलीची भाकर चालल ना तुमाला?" आईने दारातूनच विचारलं.

"माउली, तीच खायला आलोय."

दोन भाकऱ्या आणि सुकटीची चटणी खाऊन ते उठले आणि आमच्या कुडाच्या भिंतींवरून हात फिरवत राहिले. काठ्या कशा बांधता, शेणमाती कोण लावतं, सगळं आईला विचारलं. फोटो काढले. निघताना बाबांना म्हणाले, "पोर माझी समजून नेतो." बाबा तयार झाले.

तिकडे आमच्या खड्ड्यात हजारो वर्षांपूर्वीचं एक जळकं मातीचं घर निघत होतं. भाजून लाल झालेल्या मातीत काठ्यांचे ठसे होते. ते तिथल्या लोकांना नवीन नव्हते. भिंत मध्येच तुटली होती. ती पडली असणार असं धरून सगळे पुढचा थर खणायला निघाले होते. मी तुटल्या जागेचा एक तुकडा हातात घेतला. त्याची कड गोल होती, तळव्याने दाबून गुळगुळीत केलेली. आई दरवर्षी दाराची कड अशीच करते, नाहीतर येता-जाता शेळ्या अंग घासून माती पाडतात.

"सर, भिंत पडलेली नाही. इथे दार आहे."

"नक्की?"

"हात लावून बघा."

सरांनी डोळे मिटून त्या कडेवर अंगठा फिरवला आणि सगळ्यांना थांबवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथेच उंबऱ्याचा दगड लागला. सर खड्ड्यात अक्षरशः नाचले. सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या नावाने नोंद करा. ज्याची नजर, त्याचं नाव." त्या दिवशी त्यांनी विष खा म्हटलं असतं तर मी खाल्लं असतं.

परत आल्यावर कॉलेजच्या अंकासाठी मी आणि हेमंतने अनुभव लिहिले. अंकाचे संपादक सरच होते. माझा लेख वाचून सर म्हणाले, "छान आहे. पण दाराचं मी माझ्या लेखात घेतोय, दोनदा नको. तू विमानाचं लिही, तिकडच्या जेवणाचं लिही." मी आनंदाने अर्धा लेख काढून टाकला.

अंक आला. सरांचा लेख पहिला होता. 'एका सकाळी ती गोल कड हाताला लागली आणि माझ्या मनात आमच्या भागातली घरं उभी राहिली.' पुढे आमच्या घराचा फोटो. कडेला आईचा अर्धा खांदा. खाली ओळ होती: 'आदिम घराचा नमुना, तलासरी तालुका.'

मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटलं, छापणाऱ्याकडून काही राहिलं असेल. हेमंतनेच ती आशा संपवली. "माझ्या लेखात तुझं नाव होतं गं," तो म्हणाला. "तेवढंच वाक्य गेलंय."

घरी आईने फोटो ओळखला. तिला वाचता येत नाही. "आपलं घर आलं! खाली काय लिवलंय?"

"आपलं नाव लिहिलंय," मी म्हणाले. आईशी मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले.

सरांना भेटले तेव्हा ते पेपर तपासत होते. चिडले नाहीत, दचकलेही नाहीत. "अगं, तुझ्या नावाने लिहिलं असतं तर कुणी वाचलं असतं का? शोध महत्त्वाचा. नाव काय, होईल तुझंही."

"आणि आदिम?"

"शास्त्रीय शब्द आहे तो. मनाला लावून घेऊ नकोस, बाळ." त्यांचा आवाज नेहमीइतकाच मायेचा होता. त्यांना खरंच काही वाटत नव्हतं.

पुढे मी पुण्याला शिकले. आता उत्खननांवरच काम करते. सरांचं त्या दारावरचं व्याख्यान गावोगाव झालं. मी एकदाही गेले नाही.

गेल्या वर्षी हेमंतच्या लग्नात, चिखल्याच्या वाडीत, सर समोर आले. केस पांढरे झालेले, गुडघ्याला पट्टा. शेजारच्या पाहुण्याला त्यांनी कौतुकाने सांगितलं, "ही माझी विद्यार्थिनी. झरीच्या पाड्यातून हिला मी बाहेर काढलं." यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

सवयीने मी नमस्काराला वाकू लागले होते. अर्ध्यात थांबले आणि सरळ उभी राहिले. आशीर्वादासाठी उचललेला सरांचा हात क्षणभर तसाच राहिला, मग त्यांनी तो खिशात घातला.