मुठेलाचं वाण

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. म्हणायचं तेल, पण ते वाहत नाही. मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, म्हणून मुठेल. गावाहून दर उन्हाळ्यात असे पांढुरके, अंड्याएवढे गोळे आमच्या दहिसरच्या घरी येतात आणि थंडीत सगळ्यांच्या भेगाळलेल्या टाचांना पुरतात.

या संक्रांतीला सुनेनं ठरवलं, हळदीकुंकवाला मुठेलाचंच वाण द्यायचं. त्यात थोडं खोबरेल घालून मऊ करायचं, छोट्या डब्यांत ओतायचं, ओठांना लावा नाहीतर टाचांना. याला कारण होतं. चाळ पाडून टॉवर झाल्यावर, मागच्या वर्षी तिनं इथं पहिलं हळदीकुंकू केलं आणि चहाची गाळणी वाटली. सातव्या मजल्यावरच्या काकूंनी ती उजेडात धरून सगळ्यांसमोर म्हटलं, "गाळणी होय? माझ्याकडे चार झाल्या." सून हसली, पण रात्री जेवली नाही. म्हणून यंदा तिनं बिल्डिंगच्या ग्रुपवर आठवडाभर आधीच जाहीर करून टाकलं: घरी केलेलं वाण आहे, सगळ्यांनी यायचं.

आणि हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी डब्या उघडल्या तर आत रवा! म्हणजे रव्यासारखं दाणेदार. बोटाला खरखरीत लागत होतं.

"आई, वाट लागली," सून म्हणाली. "संध्याकाळी बायका येणार. काकू ह्याच्यावर वर्षभर बोलतील."

मुलगा मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "मी स्टेशनवरून प्लास्टिकचे डबे आणतो ना."

"तू गप रे," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

आता मी शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. घाटकोपरच्या शाळेत सगळा जन्म गेला. त्यामुळे घरात काही वितळलं, गोठलं, उतू गेलं की सगळे माझ्याकडे बघतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? पण नोकरीला लागले तेव्हाची मी आठवली की मला हसू आवरत नाही. अंबाड्यात पेन्सिल खोचून चालायची ती बया. फळ्यावर लिहायची, 'शुद्ध पदार्थाचा द्रवणांक ठरावीक असतो', आणि खाली दोन रेघा मारायची, जणू तो नियम तिनंच केलाय. त्या थंडीत तिच्या खोबरेलाची बाटली अर्धी गोठली, अर्धी पातळ राहिली. झालं! बाई बाटली घेऊन वाण्याकडे. "हे भेसळीचं आहे. शुद्ध असतं तर एकदम गोठलं असतं!" वाण्यानं बिचाऱ्यानं बदलून दिली. दुसऱ्या दिवशी तीही तशीच. बाई पुन्हा दुकानात, पुन्हा तेच व्याख्यान, मागे गिऱ्हाइकांची रांग. तिसऱ्या दिवशी वाण्यानं तिला लांबून बघितलं आणि खोबरेल फळीखाली सरकवलं. "संपलं, बाई!"

तिला कोण सांगणार, की खोबरेल म्हणजे एक पदार्थ नाहीच. सात-आठ तऱ्हांची स्निग्धं एकाच बाटलीत नांदतात. कुणाला थंडी लवकर वाजते, कुणाला उशिरा. भेसळ तेलात नव्हती, पेन्सिलवालीच्या डोक्यात होती.

तर रवा. मी चष्मा लावला आणि अधिकारवाणीनं सांगितलं, "हळूहळू थंड झालं ना रात्रभर, म्हणून दाणे मोठे झाले. पुन्हा वितळव आणि सरळ फ्रीझरमध्ये घाल. एकदम गार, एकदम गुळगुळीत."

तिनं मुकाट्यानं केलं. अर्ध्या तासानं एक डबी काढली. दाणे नव्हते, पण मध्ये हा खड्डा आणि वर तडा! कडा आधी गोठल्या, मधलं मागाहून गोठताना आक्रसलं. पाणी गोठताना फुगतं, बाकीचे बहुतेक पदार्थ आकसतात. हेही मी मुलांकडून घोकून घेतलेलं. फक्त डबीच्या बाबतीत आठवलं नाही.

"झकास," सून म्हणाली. "आता रवा नाही, उन्हाळ्यातलं दहिसर नदीचं पात्र झालंय."

मग आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून नीट विचार करायला लागलो. मी म्हटलं, "हे बघ, रेणू म्हणजे आज संध्याकाळच्या बायका समज. सावकाश, एकेक करून आल्या तर काय करतात?"

"आपापल्या मैत्रिणी शोधून घोळके करतात."

"तेच दाणे. मुठेलातले बरेचसे रेणू सरळ पाठीचे, चिकटून बसतात, म्हणून ते घट्ट. शेंगदाण्याच्या तेलातले बहुतेक वाकडे, कोपर बाहेर काढून बसणारे. त्यांची रांगच लागत नाही, म्हणून ते थंडीतही वाहतं."

सून डब्यांतलं मुठेल पुन्हा पातेल्यात काढायला लागली. "म्हणजे घोळके होऊच द्यायचे नाहीत. मी दारातच उभी राहून प्रत्येकीला हलवत राहिले तर? आणि आधीच चारजणी सतरंजीभर पसरून बसवल्या, तर येणाऱ्या त्यांच्या शेजारी टेकतील."

मला शिकवायला लागून इतकी वर्षं झाली, पण हे असं मला सुचलं नव्हतं.

तिनं ते वितळवलं, परातीत गार पाणी घेतलं, त्यात पातेलं ठेवलं आणि ढवळत बसली. तेल गढूळ दिसायला लागलं तेव्हा मला म्हणाली, "आता, आई!" मी न वितळवलेल्या गोळ्यातलं चिमूटभर मुठेल किसून त्यात घातलं, ह्याच तिच्या आधी बसवलेल्या चारजणी. फार आधी घातलं असतं तर तेही वितळून गेलं असतं. ती ढवळतच राहिली. तेल साईसारखं जाडसर झालं आणि तिनं ते भराभर डब्यांत ओतलं. दुपारी आम्ही झाकण उघडलं. खरखर नाही, खड्डा नाही. सुनेनं बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या.

संध्याकाळी बायका आल्या. सातव्या मजल्याच्या काकूंनी डबी हातात घेतली, वास घेतला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मेण घातलंय वाटतं. इतकं गुळगुळीत घरी होतंय होय?"

माझ्या जिभेवर सगळा धडा आला होता. मी तिळगुळाचा लाडू तोंडात कोंबला.

"काकू, मनगट द्या," सून म्हणाली. तिनं नखाएवढा कण काकूंच्या मनगटावर ठेवला. "मेण असेल तर तसंच राहील. तुमच्या अंगच्या उबेनं मेण काय वितळणार?"

सगळ्या बायका मनगटाकडे बघत राहिल्या. कण आधी चमकला, मग कडेनं पसरला, मग त्याचं तेल झालं.

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "आणि गार कसं लागलं गं?"

"वितळायला ऊब लागते. ती त्यानं तुमच्याकडून घेतली."

"म्हणजे वाण तुझं आणि ऊब माझी?"

हॉल हसला. त्यात काकूही होत्या. मग जी ती मनगट पुढे करायला लागली, "मला लाव गं, मला लाव." सून एकेकीला कण ठेवत, मेण कधी वितळतं, खोबरेल कधी, मुठेल त्या दोघांच्या मध्ये कसं, ते सांगत फिरली. एका ठिकाणी तिनं द्रवणांकाला 'वितळांक' म्हटलं. मी दुसरा लाडू घेतला.

निघताना काकूंनी डबी पदरात नीट बांधली आणि मला विचारलं, "तुम्ही शिकवलंत ना हिला?"

लाडू अजून तोंडात होता. मी तो गिळला आणि म्हटलं, "छे हो! मी फ्रीझरमध्ये घाल म्हणत होते. वाण तिचं आहे."