मामांच्या गिटारचा आवाज

मामा गेल्याची तार मला मुंबईत, वसतिगृहाच्या पायरीवर मिळाली. प्रयोगशाळेतून परतून हातातल्या वह्याही मी खाली ठेवल्या नव्हत्या. तारेत कारण नव्हते. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, एवढे नंतर कळले. पावसाळ्यामुळे बोटी बंद होत्या, एस.टी. घाटात अडकली, आणि मी मालवणला पोहोचले तेव्हा घरात फक्त येणारी-जाणारी माणसे उरली होती... त्याला आता काही आठवडे झाले. भिकाजीमामांच्या चांगुलपणाचे दाखले देत बसण्यापेक्षा त्यांच्या एका हट्टाविषयी लिहावे असे मला वाटते. त्या हट्टात ते जवळजवळ पूर्ण सापडतात.

मामांनी उमेदीची सारी वर्षे परदेशी जाणाऱ्या बोटींवर, इंजिनाच्या खोलीत काढली. कायमचे घरी आले तेव्हा त्यांच्या सामानात दोन अपूर्व वस्तू होत्या: मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची हवाइयन गिटार आणि तिचा व्हॉल्व्हचा, म्हणजे आतून तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प्लिफायर. ही गिटार म्हणजे एक भरीव लाकडी फळी. अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर तिचा आवाज खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातही पोहोचत नसे. मामांपर्यंत तर मुळीच नाही, कारण इंजिनाच्या धडधडाटाने त्यांचे कान जड झाले होते. आळीत वीज आली आणि त्यांचा दिनक्रम ठरला. दिवे लागले की ओसरीवर बसून ते तासभर वाजवीत. कोणी ऐकावे अशी त्यांची अपेक्षा नसे. आपले वाजवणे आपल्याला ऐकू यावे, इतकेच त्यांना हवे होते.

मी बी.एस्‌सी.ची परीक्षा देऊन घरी गेले त्या उन्हाळ्यात अ‍ॅम्प्लिफायर बिघडला होता. “मशीनचो आवाज बसलो गो,” मामा मला म्हणाले. खाऱ्या हवेत ओल लागली असणार, असे निदान करून त्यांनी आधीच उपाय करून पाहिला होता. सगळे व्हॉल्व्ह काढून मामीच्या कोलंबीच्या सोड्यांशेजारी चटईवर उन्हात वाळत घातले होते. शेजारची मासे विकणारी शेवंतीबाय कुंपणावरून डोकावली आणि म्हणाली, “भाऊनू, ही खंयची सुकट? भाजून खातत की कालवणात घालतत?” मामांना तिचे शब्द कळले नाहीत, पण हसणे दिसले. तेही हसले.

पुढे शिकायला मुंबईला जाण्यावरून तेव्हा घरात वाद चालू होता. माझ्या आईचे म्हणणे, आता शिक्षण पुरे झाले. मामा तिच्यासमोरच मला म्हणाले, “भाकऱ्यो कोणय भाजीत, मशीन कोण उघडतला? चेडवा, तू बघ.” आईने ताट जरा जोरात आपटले, इतकेच. तेव्हा त्या यंत्रात माझेही काही पणाला लागले होते, हे मी नाकारत नाही.

मी पद्धतशीर सुरुवात केली. बंद केल्यावरही अशा यंत्रात विजेचा प्राणघातक दाब साठून राहतो. तो आधी उतरवला. मग व्हॉल्व्ह परत बसवून यंत्र चालू केले. ते सगळे तापत होते. लाकडी पेन्सिलीने एकेकावर टिचकी मारली तेव्हा एकही कुरकुरला नाही. म्हणजे मामांचा संशय चुकीचा होता. मग लाउडस्पीकरकडून मागे मागे, एकेक टप्पा तपासत गेले. शेवटचा टप्पा निर्दोष, त्याच्या आधीचाही ठीक. दोघांच्या मधला कंडेन्सर मात्र गळका निघाला. जो दाब त्याने अडवायचा, तोच तो पुढच्या व्हॉल्व्हकडे झिरपू देत होता. त्यामुळे यंत्र तापत जाई तसा आवाज घुसमटत जाई. एखाद्या गोष्टीचे कारण नेमके हाती लागण्यासारखा आनंद नाही... नवा कंडेन्सर मुंबईहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर मागवला, जोडला, सांधे पुन्हा तपासले आणि मामांना ओसरीवर बोलावले.

आवाजाची खुंटी त्यांच्या सवयीप्रमाणे शेवटपर्यंत फिरवलेली होती. त्यांनी पहिली तार छेडली आणि खिडकीची तावदाने थरथरली. मामीने दोन्ही हात कानांवर घेतले. मामा वाट पाहत राहिले. पुन्हा छेडली, मग माझ्याकडे बघून म्हणाले, “अजून येणा नाय.” तेवढ्यात शेवंतीबाय धावत अंगणात आली आणि हातवारे करीत ओरडली, “भाऊनू, बंद करा ता! टोपलेतले बांगडे जिते होवन उडयो मारतले!” मामांनी तिच्या तोंडाकडे पाहिले, मग मामीच्या कानांवरच्या हातांकडे. त्यांनी खुंटी हळूहळू पार खाली आणली. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बरी केलंस गो मशीन.”

बिघाड दोन होते आणि एकाने दुसऱ्याला झाकले होते. पहिला दूर झाला नसता तर दुसरा आणखी काही काळ यंत्राच्या नावावर खपला असता. पुढे मी मुंबईत शिकू लागले तेव्हा मामांना कानांच्या डॉक्टरांकडे नेले. कानाच्या आतल्या नसाच गेल्या आहेत, कानामागच्या हाडातून किंवा श्रवणयंत्रातून कितीही आवाज पोहोचवला तरी तो घेणारे कोणी उरलेले नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मी ते कागदावर उतरवून दाखवले. मामांनी वाचले आणि चहा मागवला. त्या विषयावर आमचे बोलणे पुन्हा झाले नाही.

वाजवणे त्यांनी सोडले नाही. आवाजाची खुंटी आता मामीला सोसेल तिथे असे. तारा लावून झाल्या की ते तिला विचारीत, “लागली बरोबर?” आणि ती मान डोलावून होकार देई. मामीला सुरांतले काही कळत नाही. दमट हवेत तारा रोज उतरत, आणि मामा वर्षानुवर्षे बेसूर गिटार मन लावून, एकही जागा न चुकवता वाजवीत राहिले. मी सुट्टीत गेले की समोर बसून बोटाने खूण करी: वर... आणखी वर... पुरे. तेवढे दिवस गिटार सुरात असे. मी परत गेले की हवा आपले काम करी. मी यावर बराच विचार केला. उपाय सापडला नाही. कदाचित नव्हताच.

परवा निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दिवे लागले तशी मामी उठली, पदराला हात पुसले आणि अ‍ॅम्प्लिफायरचे बटण दाबले. गिटार जोडलेली नव्हती. लाल दिवा पेटला, जाळीमागे व्हॉल्व्ह लालसर होत गेले, आणि ओसरीवर एक बारीक, अखंड गुणगुण सुरू झाली. मी काही विचारायच्या आत तिने स्वतःच सांगितले, “पावसात मशीन रोज गरम करूक व्हयी, नायतर खारी हवा शिरता, असा सांगून ठेवल्यानी हा.” ती भिंतीला टेकून बसली. मी सवयीने जवळ जाऊन कान दिला. खरखर नव्हती, कुठे चढ-उतार नव्हता. जोडलेला कंडेन्सर चोख काम देत होता. मामीने विचारले, “बरी आसा मां?” मी म्हटले, “बरी आसा.” तासभर झाला तेव्हा ती उठली आणि तिने बटण बंद केले. व्हॉल्व्ह विझायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो. त्या यंत्रात मला दुरुस्त करण्यासारखे काहीच नव्हते.