मूळ पत्रा

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला गल्लीत सगळे 'फडकं' म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे. हातात कायम पिवळं मऊ फडकं आणि समोर ती गाडी. वडिलांच्या वेळची, गोल पाठीची, बटबटीत दिव्यांची. घरातल्या एका कपबशीला या माणसाने कधी पाणी लावलं नाही, पण गाडीच्या चाकांची जाळी दात घासायच्या ब्रशने घासतो. ताईच्या लग्नापासून बघतेय मी.

नोकरी काय होती, ऐका. निवृत्त होईपर्यंत भाऊजी इमारतींच्या लिफ्ट तपासायचे. दोर बघायचे, बोल्ट बघायचे, आणि एक नट ढिला निघाला की लिफ्टला टाळं. चौथ्या मजल्यावरचे म्हातारे हातापाया पडले तरी ऐकायचे नाहीत. घरीही तेच. माझी भाची लहान असताना झोपाळ्यावर बसायच्या आधी तिला दोर ओढायला लावायचे. "आधी ओढून बघ, मग बस." शिडी असो, स्टूल असो, हेच पालुपद. या एका बाबतीत मी त्यांना मानत होते. बाकी बाबतींत आनंदच आहे.

निवृत्तीनंतर ते जुन्या गाड्यांच्या मंडळात शिरले. तिथे एकाहून एक नग. दर वर्षी गाड्यांची मिरवणूक काढतात, आणि सर्वांत मोठं बक्षीस कुणाला, तर ज्याची गाडी कारखान्यातून निघाली तशीच्या तशी आहे त्याला. परीक्षक काठीला लावलेला आरसा गाडीखाली सरकवून बघतात. नवं भोक दिसलं की घरात कुणी गेल्यासारखे चेहरे करतात. ही मोठी माणसं, नातवंडं असलेली!

यंदा भाऊजींनी एकच धरून ठेवलं होतं: नातीला मागच्या सीटवर बसवून मिरवणुकीत न्यायचं. पोरीलाही हौस होती. पण भाची फोनवर म्हणाली, "बाबा, मागे सीटबेल्टचे पट्टे नाहीत. पट्टे बसवा, मग नेईन म्हणा. नाहीतर ती येणार नाही."

भाऊजींनी पट्टे आणले. सोबत अंगठ्याएवढे जाड बोल्ट आणि तळहाताएवढ्या लोखंडी पट्ट्या. ही पट्टी गाडीच्या तळाला खालून बसवायची, बोल्ट तिच्यात आवळायचा, म्हणजे जोराचा हिसका बसला तरी तो नुसत्या पत्र्यातून उपटून येत नाही. एवढं मलाही कळलं, आणि मला सायकलमध्ये हवा भरता येत नाही.

पण पट्ट्या खालून दिसणार. आरशात. झालं, भाऊजींचं जेवणावरून लक्ष उडालं. शेवटी मंडळाचे अध्यक्ष चहाला आले. पोट सावरत गाडीखाली वाकून बघून म्हणाले, "अहो, एवढं काय त्यात? वरून गालिच्यातून दोन छोटे स्क्रू मारा. खालून टोकं घासा, काळा रंग फासा. आम्ही सगळ्यांनी तेच केलंय."

"आणि धरतील का?" ताईने विचारलं.

"वहिनी, मिरवणूक आहे, शर्यत नाही."

भाऊजी हसले. लिफ्टला टाळं ठोकणारा माणूस दात काढून हसला! दोन दिवसांत पट्टे बसले. वरून बघाल तर झकास. चकचकीत बकलं, इस्त्री केल्यासारखे पट्टे. जाड बोल्ट आणि लोखंडी पट्ट्या माळ्यावर गेल्या.

मिरवणुकीच्या आधीच्या रविवारी भाची लेकीला घेऊन आली. पोर धावतच गाडीकडे गेली. भाऊजींनी दार असं उघडलं की जणू राजवाड्याचं आहे. तेवढ्यात भाचीने लेकीचा दंड धरला.

"थांब. आधी ओढून बघायचं."

तिने पट्टा दोन्ही हातांत घेतला, एक पाय गाडीच्या उंबऱ्याला लावला आणि मागे झुकून हिसका दिला. कर्रकन आवाज झाला. पट्टा, स्क्रू, गालिच्याचा तुकडा, सगळं तिच्या हातात आलं. ती पडता पडता वाचली.

भाऊजी पुढे धावले. मला वाटलं, लेकीला सावरायला. छे! ते गुडघ्यांवर बसले, गालिचा वर केला, फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि कळवळून म्हणाले, "अगं, मूळ पत्रा होता गं!"

मला शिसारी आली. भाचीने हातातला पट्टा सीटवर ठेवला, लेकीला घेतलं आणि गेली.

संध्याकाळी ताई एवढंच म्हणाली, "अहो, ही लिफ्ट असती तर?"

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून बोल्ट उतरले. गाडी वेल्डिंगवाल्याकडे गेली. फाटका पत्रा कापून नवा जोडला, खालून लोखंडी पट्ट्या बसल्या, आरपार भोकं पडली. अध्यक्ष भेटायला आले आणि चहा न घेता गेले. गाडी बक्षिसातून बाद.

मिरवणुकीच्या सकाळी भाची आली. लेकीला मात्र रस्त्यापलीकडे स्वतःच्या गाडीतच बसवून ठेवलं होतं. भाऊजींनी पट्ट्याचं टोक तिच्या हातात दिलं. "ओढ."

तिने ओढला. पाय लावून, दात आवळून ओढला. गाडी हलली, पट्टा हलला नाही.

"पट्टा पक्का आहे, बाबा," ती म्हणाली. "पण त्या दिवशी मी ओढला नसता, तर तुम्ही तिला बसवलंच असतं."

ती रस्ता ओलांडून गेली. तिची गाडी निघाली तेव्हा पोर काचेला नाक लावून आमच्याकडे बघत होती.

भाऊजी फडकं हातात धरून उभे. इतक्या वर्षांत मी त्या गाडीत कधी बसले नव्हते, आणि त्यांनीही कधी बस म्हटलं नव्हतं. आता म्हणाले, "तू तरी येतेस?"

मला नाही म्हणायचं होतं. मी मागचं दार उघडलं, आणि बसायच्या आधी पट्टा ओढून बघितला. त्यांच्यादेखत, दोनदा.

त्यांनी मान खाली घातली आणि माझं होईपर्यंत दार धरून उभे राहिले.