चार बोटं खिडकी

काकांच्या जानव्याला एक छोटी पितळी किल्ली बांधलेली होती. रेडिएटरमधली हवा काढायची किल्ली. आमच्या घरात जानवं नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी त्यांनी स्वेटरच्या गळ्यात हात घालून ती ओढून काढली तेव्हा मी बघतच राहिले. माझ्या खोलीतल्या रेडिएटरपुढे ते उकिडवे बसले, गाल पत्र्याला लागेल इतके वाकले आणि किल्ली फिरवली. फुस्स आवाज झाला, मग दोन काळे थेंब आले. "झालं," ते म्हणाले. "हवा अडकली की वरचा अर्धा भाग गारच राहतो. माणसं म्हणतात तापतच नाही, आणि आकडा वाढवतात. बिल वाढतं ते असं."

एडिनबरामधली मराठी मंडळी त्यांना किल्लीकाका म्हणत. एका इस्पितळाच्या बॉयलरघरात त्यांनी तीसेक वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर कुणाकडेही जेवायला बोलावलं, की आधी घरभर फिरून ते हाताची पालथी बाजू भिंतींना, दारांच्या फटींना लावत, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी. सोफा रेडिएटरला चिकटवलेला दिसला की यजमानालाच विचारत, "सोफ्याला थंडी वाजते का हो?" नव्याने आलेली आयटीतली मुलं थर्मोस्टॅट एकदम पंचविसावर नेत, त्यांना सांगत, "अरे, हा गाडीचा पेडल नाही. जोरात दाबलास म्हणून खोली लवकर तापत नाही."

मी भुसावळची. ऊब विकत घ्यावी लागते हे आमच्याकडे कुणाला सांगितलं तर हसतील. वडील कूलर दुरुस्त करतात, वाळ्याच्या ताट्या बसवतात. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, आणि ते कॉलेजही मला इतकं लांब घेऊन आलं. काकांची एक खोली भाड्याने मिळाली. वडील काय करतात, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी जरा हळूच सांगितलं. ते मात्र खूश झाले. "म्हणजे ते गारव्यातले, मी उबेतला. एकाच धंद्यातले की आम्ही!" त्यानंतर त्या घरात मला परकं वाटलं नाही.

नियम दोनच होते. भिंतीतल्या हवेच्या जाळ्यांना हात लावायचा नाही. आणि स्वयंपाकघराशेजारची खोली बंद असे, तिथं काही काम नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. त्या दाराखालून वारा यायचा. कधी कण्हल्यासारखा आवाज व्हायचा. मी त्या दारावरून जाताना पाय उचलून चालायचे. का, ते सांगता येणार नाही.

त्या वर्षी सगळ्यांचीच बिलं वाढली होती, पण काकांचं जास्तच. त्यांचा पुतण्या इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला असतो, तिथेच जन्मलेला. तो स्पीकरवर ओरडायचा, "काका, इतकी बिल कसा येते? वन पर्सनसाठी? हे फ्लॅट सेल करा आणि इकडे या. पुढच्या विंटरला असाच आला तर मी ऐकणार नाही, ओके?" काका "बरं बरं" म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ चहा ढवळत बसायचे. त्यांना जायचं नव्हतं. ते मला स्पष्ट दिसत होतं.

गणपतीत एका काकूंनी हसत हसत सगळ्यांना सांगितलं होतं, "किल्लीकाकांचा मंत्र माहितीये ना? वारा तिथं बोळा! आम्ही नवीन होतो तेव्हा घरोघर हेच सांगत फिरायचे." सगळे हसले. काकांनी हातातलं मोदकाचं ताट खाली ठेवलं आणि कोट शोधायला गेले. तेव्हा मला वाटलं, थकले असतील.

फेब्रुवारीत ते दोन दिवस पुतण्याकडे गेले. मला कोर्ससाठी एका खऱ्या घराचं बिल का वाढतं ते लिहायचं होतं. पण खरं सांगायचं तर मला त्यांचं बिल खाली आणून दाखवायचं होतं, म्हणजे ते इथेच राहिले असते. त्यांचंच वाक्य होतं, "कंपनीला शिव्या देण्याआधी घरातून एक फेरी मारावी. भाव आपल्या हातात नाहीत, खिडक्या आहेत." मी फेरी मारली. शेवटी ते दार उघडलं. कुलूप नव्हतंच.

आत एक पलंग, घडी घातलेली गोधडी. वर सरकवायची जुनी लाकडी खिडकी चार बोटं उघडी, आणि तिच्याखालचा रेडिएटर हात ठेववणार नाही इतका तापलेला. मला हसूच आलं. सगळ्या गावाला शिकवणारा माणूस हे विसरला! मी खिडकी ओढून घट्ट लावली. तरी फटीतून वारा येत होता, तेव्हा माझी जुनी ओढणी फाडून बोळे केले आणि नीट कोंबले. पंधरा मिनिटांत खोली छान उबदार झाली. कण्हणं थांबलं.

काका आले. मी दारातच सांगितलं. बूट न काढता ते आत धावले, बोळे उपसले, खिडकी वर ढकलली आणि तिथेच पलंगाच्या कडेवर बसले. ओढणीचा एक तुकडा त्यांच्या मुठीत होता. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तिथं खोली तापवायची गॅसची शेगडी होती," ते म्हणाले. त्यांनी भिंतीतल्या जाळीकडे बोट केलं. "शैलाला, माझ्या बायकोला, थंडी फार. त्या हिवाळ्यात बिल आलं मोठं, मी बोललो तिला. वारा तिथं बोळा, म्हटलं, किती वेळा सांगू? मी कामावर गेलो. तिनं जुनं लुगडं फाडलं आणि ती जाळी बुजवली. शेगडीला हवा मिळेना. तो विषारी वायू, त्याला वास नसतो गं. संध्याकाळी आलो तर खोली मस्त गरम होती. पहिल्यांदाच."

"मला माहीत नव्हतं, काका," मी म्हटलं.

"मलाही कळतं, आता इथं शेगडी नाही. कळतं सगळं," ते म्हणाले. "पण खिडकी लावली की तिचा जीव गुदमरतो. उघडी ठेवली की तिला थंडी वाजते. मग दोन्ही चालू ठेवतो."

मी माझ्या निबंधात काचा लिहिल्या, फटी लिहिल्या, वाढलेले भाव लिहिले. ती खोली लिहिली नाही. पुतण्यालाही काही सांगितलं नाही, आणि कधीकधी वाटतं, सांगायला हवं होतं. पुढच्या हिवाळ्याआधी तो येऊन त्यांना घेऊन गेला. जायच्या दिवशी काकांनी सगळे रेडिएटर स्वतः बंद केले. त्या खोलीशी आल्यावर म्हणाले, "हा तू कर. खिडकी मी बघतो." मी वॉल्व्ह फिरवला आणि बाहेर आले. जिन्यात त्यांनी जानव्याची गाठ सोडून किल्ली माझ्या हातात ठेवली. ती अंगाच्या उबेने कोमट होती. रस्त्यावर उतरल्यावर मी वर पाहिलं. खिडकी चार बोटं उघडीच होती.

मागच्या आठवड्यात मी माझ्या नव्या भाड्याच्या खोलीत असताना त्यांचा फोन आला. "इथं बिल फार कमी येतं," म्हणाले. "नवीन घर. खिडक्या घट्ट. पुतण्या कुलूप लावून ठेवतो." मी फोन कानाशी तसाच धरला.

"तुझी उघडी आहे ना, पोरी?"

"हो काका. चार बोटं."

ती बंद होती. बाहेर बर्फ पडत होता आणि मी दोन स्वेटर घालून बसले होते. फोन ठेवला, उठले, खिडकी वर ढकलली. मग थोडा वेळ उभी राहिले आणि खालचा रेडिएटर चालू केला.