ब्रेक नसलेलं विमान

दुबईत जबल अलीच्या आमच्या गोदामात ब्रिटनच्या पहिल्या वैमानिकांवरच्या प्रदर्शनाचं काम चाललं होतं. माहितीचे फलक मी लिहीत होते. वडिलांनी काढलेल्या कामगार-पत्रकांवर बोट ठेवून मी वाचायला शिकले, त्यामुळे फलकावर वैमानिकांशेजारी त्यांच्या मदतनीसांनाही बसवलं. त्या विमानांना ब्रेक नव्हते. गवताच्या मैदानावर चार माणसं शेपूट धरून विमान अडवत आणि वैमानिकाने हात हलवला की सोडून देत.

मॅनेजर खूश झाले. "व्हिडिओ करू. चार जण उभे कर."

विमान नक्कल होतं, पण इंजिन खरं होतं. "सर, चाकांखाली ठोकळे तरी राहू देत."

"मग खरं कसं वाटेल? तूच लिहिलंयस ना? की आता वडिलांसारखं यावरही पत्रक काढणार?"

पॅकिंगचे दोघं आले. तिसरे श्रीवर्धनचे चाचा, साठीला टेकलेले, बुटांचे तळ झिजून गुळगुळीत झालेले. मी त्यांना बाजूला घेतलं. "चाचा, नाही म्हणा. मी बोलते त्यांच्याशी."

"बाय, तू बोलशील नि तुझा व्हिसा जाईल. मागोमाग माझा. खलास."

मी बोलले नाही. मला व्हिसाचीच भीती वाटली. चौथी म्हणून मी उभी राहिले, एवढंच.

मागच्या अंगणात ठोकळे काढले, मेकॅनिक विमानात बसला, इंजिन सुरू झालं. वाळू डोळ्यांत, तोंडात. हातातली शेपटाची लाकडी पट्टी इतकी थरथरत होती की दात वाजायला लागले. विमान पुढे ओढायला लागलं. समोर चाचांचे बूट फरशीवर घसरताना दिसत होते. मेकॅनिकचा हात अजून वर गेला नव्हता.

मी सोडलं.

विमान वळलं. पॅकिंगचे दोघं उडी मारून सुटले. चाचा धरून राहिले आणि पाचसहा पावलं फरफटत गेले. मग इंजिन बंद झालं. त्यांचं मनगट वाकडं झालं होतं.

"तू सोडलंस तेव्हा मी पण सोडायला हवं होतं," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

अपघाताचा फॉर्म मॅनेजरनी माझ्यापुढे ठेवला. "घसरून पडले, असं लिही. यल्ला, चल लवकर."

ठोकळे कोणी काढायला लावले ते मी लिहिलं. खाली लिहिलं, शेपूट सर्वांत आधी मी सोडलं. सही केली आणि फॉर्म मॅनेजरपुढे सरकवला.